अधिकार आणि तिजोरी : इंग्लंडमधील स्थानिक संस्थांचा निरोगी जीवनासाठीचा खर्च (१८४६ ते २०२४)

प्रस्तावना

आजारी माणसाच्या औषधपाण्यावर सार्वजनिक पैसा खर्च झाला तर त्याबद्दल सहसा कोणी वाद घालीत नाही. रुग्ण डोळ्यांसमोर असतो. परंतु आजारी न पडलेल्या माणसाने पोहावे, स्वच्छ राहावे, मोकळ्या हवेत फिरावे, धूम्रपान सोडावे यासाठी नगरपालिकेने पैसा खर्च करावा काय, आणि करावयाचा झाल्यास तो कोणाच्या तिजोरीतून, हा प्रश्न वादाचा ठरतो. अशा खर्चाचे फळ दहा-वीस वर्षांनी हाती येते आणि तेही न झालेल्या आजाराच्या रूपाने येते. न झालेल्या आजाराची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिताना पटकी, गटारे, चॅडविक यांचा १८४२ चा अहवाल आणि १८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा यांना मोठे स्थान दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि स्थानिक संस्थांनी लोकांच्या रोजच्या राहणीवर केलेल्या लहान लहान खर्चाकडे त्यामानाने दुर्लक्ष झाले आहे. प्रस्तुत लेखात या खर्चाचा मागोवा घेतला आहे. लेखाची मर्यादा इंग्लंडपुरती, आणि त्यातही मुख्यतः लंडनच्या काही कामगार वस्त्यांपुरती आहे. हा इतिहास पाहता एक विसंगती ठळकपणे जाणवते. प्रारंभीच्या काळात स्थानिक संस्थांकडे स्वतःचा पैसा होता, पण तो खर्च करण्यास कायद्याची आडकाठी होती. पुढे कायद्याने त्यांचे हात मोकळे केले, तोपर्यंत पैसा त्यांचा राहिला नव्हता.

स्नानगृहे, धुलाईघरे आणि फुलहॅमचा निकाल

ज्याला इंग्लंडमध्ये ‘रेट’ म्हणत तो कर आपल्याकडील घरपट्टीशी मिळताजुळता होता. घराच्या किंवा जागेच्या ठरविलेल्या वार्षिक भाड्यावर दर पौंडामागे अमुक पेनी, अशी त्याची आकारणी होई. स्थानिक संस्थेचे हे स्वतःचे उत्पन्न असल्यामुळे किती पेनी घ्यावयाचे हे तिनेच ठरवावयाचे असे. १८४६ च्या स्नानगृहे व धुलाईघरे कायद्याने हा पैसा सार्वजनिक स्नानगृहांसाठी वापरण्याची मुभा दिली. लिव्हरपूलमध्ये १८४२ सालीच असे एक स्नानगृह व धुलाईघर सुरू झाले होते. या कायद्याचे महत्त्व दोन गोष्टींत आहे. एक, घाण दूर करण्याच्या पलीकडे जाऊन माणसाने स्वतः स्वच्छ राहावे यासाठी सोय करणे हे स्थानिक संस्थेचे काम मानले गेले. दोन, हे काम ऐच्छिक ठेवण्यात आले. ज्या गावाला वाटेल त्याने ते करावे, ज्याला वाटणार नाही त्याच्यावर सक्ती नाही.

ऐच्छिक आणि बंधनकारक या भेदाची मराठी वाचकाला चांगली ओळख आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात कलम ६१ मध्ये बंधनकारक आणि कलम ६३ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये दिली आहेत. पोहण्याचे तलाव, सार्वजनिक धुलाईघरे आणि स्नानाच्या जागा यांचा उल्लेख त्यांतील दुसऱ्या यादीत येतो. अशा यादीत जे काम पडते त्याचे पैशाच्या टंचाईत काय होते, हे पुढे दिसून येईल.

इंग्लंडमध्ये याहूनही मोठा अडसर होता. स्थानिक संस्था ही कायद्याने निर्माण झालेली असल्यामुळे कायद्याने स्पष्टपणे दिलेल्या अधिकारापलीकडे तिला एक पेनीही खर्च करता येत नसे. तसे झाल्यास तो खर्च अधिकारबाह्य ठरे. हे तत्त्व किती काटेकोरपणे लावले जाई याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९२१ चा फुलहॅम बरोचा खटला होय. फुलहॅमच्या कौन्सिलने आपल्या धुलाईघरात एक नवी सोय केली. नागरिकांनी कपडे आणून द्यावेत, कौन्सिलचे नोकर ते यंत्रावर धुऊन देतील. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या स्त्रियांना ही सोय किती मोलाची होती हे सांगावयास नको. परंतु त्यातील तोटा करदात्यांवर पडतो म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने असा निर्णय दिला की, लोकांना आपले कपडे आपण धुण्यासाठी जागा व साधने पुरविणे कायद्यात बसते, मात्र त्यांचे कपडे धुऊन देणे बसत नाही. तेच पाणी, तोच साबण, तेच कपडे. पण हात कोणाचे, यावर खर्चाची वैधता ठरली.

अधिकारबाह्य खर्च झाल्यास सरकारी लेखापरीक्षक तो नगरसेवकांकडून व्यक्तिशः वसूल करू शकत असे. पूर्व लंडनमधील पॉप्लरच्या कौन्सिलने आपल्या कामगारांना आठवड्याला चार पौंड किमान वेतन दिले, तेव्हा लेखापरीक्षकाने त्यास हरकत घेतली आणि १९२५ मध्ये उमरावांच्या सभागृहाने, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ती उचलून धरली. याच पॉप्लरच्या तीस नगरसेवकांनी १९२१ मध्ये तुरुंगवास पत्करला होता. त्यांचे म्हणणे साधे होते. गरीब वस्तीत घरांची भाडी कमी, म्हणून एका पेनीच्या करातून मिळणारे उत्पन्न वेस्टमिन्स्टरसारख्या श्रीमंत भागाच्या तुलनेत अत्यल्प. आणि गरज मात्र कित्येक पट. त्यांच्या लढ्यामुळे गरिबांच्या मदतीचा भार लंडनभर वाटून घेण्याचा कायदा त्याच वर्षी झाला. स्वतःची तिजोरी असणे ही गोष्ट चांगली खरी, पण रिकाम्या वस्तीची तिजोरीही रिकामीच असते, हे पॉप्लरने दाखवून दिले. स्थानिक करांचा गौरव करताना ही बाजू विसरता येणार नाही.

बर्मंड्सी : रस्त्यावरील आरोग्यशिक्षण

थेम्सच्या दक्षिण काठावरील बर्मंड्सी हा गोदी कामगार, चामड्याचे कारखाने आणि बिस्किटांचे कारखाने यांचा दाट वस्तीचा भाग. डॉ. आल्फ्रेड सॉल्टर हे हुशार वैद्यकीय पदवीधर येथे गरिबांत दवाखाना घालून राहिले. त्यांच्या पत्नी एडा सॉल्टर १९२२ मध्ये बर्मंड्सीच्या महापौर झाल्या. लंडनमधील कोणत्याही बरोच्या त्या पहिल्या स्त्री महापौर होत. १९२२ मध्येच मजूर पक्षाला या कौन्सिलमध्ये बहुमत मिळाले आणि डॉ. सॉल्टर संसदेवर निवडून गेले.

या कौन्सिलचे वैशिष्ट्य असे की, तिने आरोग्याची व्याख्या दवाखान्याबाहेर नेली. एडा सॉल्टर यांच्या पुढाकाराने १९२० पासून काम करणाऱ्या सुशोभन समितीने धुराने काळवंडलेल्या रस्त्यांवर हजारो झाडे लावली, चर्चच्या जुन्या दफनभूमींच्या बागा केल्या, मुलांसाठी खेळावयाच्या जागा काढल्या. १९२६ मध्ये क्षयाच्या प्रतिबंधासाठी कृत्रिम सूर्यप्रकाशाचे उपचारगृह सुरू झाले. पालिकेने चालविलेले इंग्लंडमधील ते पहिलेच मानले जाते. काही क्षयरुग्णांना कौन्सिलच्या खर्चाने स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथील सूर्यप्रकाश चिकित्सालयात पाठविण्यात आले. गोदी कामगाराला आल्प्समध्ये पाठविणारी नगरपालिका ही त्या काळी अनेकांना चैन वाटली असल्यास नवल नाही.

परंतु सर्वांत लक्षणीय उपक्रम होता तो आरोग्य-प्रचाराचा. १९२०-३० च्या दशकापासून बर्मंड्सीच्या आरोग्य खात्याने स्वतःच चित्रपट तयार केले. आरोग्याधिकारी डॉ. डोनाल्ड कॉनन आणि त्यांचे सहकारी हे काम पाहत. साबण व अंगाची स्वच्छता यांवरील १९३३ चा चित्रपट आणि घटसर्पाच्या लसीवरील १९३७ चा चित्रपट हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. हे चित्रपट मोटारीत पडदा बसवून संध्याकाळी रस्त्यावर, वसाहतींच्या अंगणात दाखविले जात. मूकपटच ते, मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत. मुले समोर जमिनीवर, आया मागे उभ्या. पडद्यावर दिसत ती मुले आणि त्या गल्ल्या बर्मंड्सीच्याच असत. १९२५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने आरोग्यविषयक माहिती छापणे, व्याख्याने देणे आणि चित्रे दाखविणे यांवर खर्च करण्याचा अधिकार देशातील स्थानिक संस्थांना देऊ केला. हा अधिकार बहुतेकांनी पत्रके छापण्यापुरता वापरला. बर्मंड्सीने मात्र अशा कामाचा आवाका किती मोठा असू शकतो हे दाखविले. कायदा परवानगी देतो. इच्छा त्याला पुरवावी लागते.

फिन्सबरी आणि पेकहॅम : दोन वाटा

नदीच्या उत्तरेस फिन्सबरी या छोट्या, गजबजलेल्या बरोमध्ये १९३४ साली मजूर पक्ष सत्तेवर आला. सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष होते डॉ. चुनीलाल कटियाल. १८९८ मध्ये पंजाबात जन्मलेले, लाहोर येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉ. कटियाल १९२७ मध्ये इंग्लंडला गेले आणि पूर्व लंडनमधील कामगार वस्तीत वैद्यकी करू लागले. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी आलेल्या गांधीजींची चार्ली चॅप्लिन यांच्याशी भेट झाली ती कॅनिंग टाऊनमधील डॉ. कटियाल यांच्याच घरी. आपल्याकडे त्यांचे नाव घेतले जाते ते बहुधा एवढ्यापुरतेच. फिन्सबरीतील त्यांचे काम याहून पुष्कळच मोठे आहे.

फिन्सबरीत क्षय, दात, पाय, माता-बालके यांच्यासाठीच्या सोयी वेगवेगळ्या जागी, अपुऱ्या इमारतींत विखुरलेल्या होत्या. त्या सर्व एका छताखाली आणाव्यात असे ठरले आणि काम बर्थोल्ड लुबेटकिन यांच्या टेक्टन या वास्तुविशारद मंडळाकडे सोपविण्यात आले. पाइन स्ट्रीटवरील हे फिन्सबरी आरोग्य केंद्र २१ ऑक्टोबर १९३८ रोजी सुरू झाले. क्षयरोग विभाग, दंतचिकित्सा, पायांचे उपचार, सूर्यप्रकाश उपचारगृह, कपडे व अंथरुणे निर्जंतुक करण्याची व्यवस्था, व्याख्यानगृह असे सर्व तेथे होते. प्रवेशदालनाची रचना मुद्दाम मोकळी, भरपूर उजेडाची केली होती. भिंतींवर गॉर्डन कलन यांनी काढलेली चित्रे मोकळ्या हवेचा व सूर्यप्रकाशाचा उपदेश करीत. गरिबांसाठीची सरकारी इमारत म्हणजे अंधारी, कोंदट, अपमानित करणारी जागा, हा समज या दालनाने मोडला. आणि हे सर्व उभे राहिले ते राष्ट्रीय आरोग्य सेवा अस्तित्वात येण्याच्या दहा वर्षे आधी, एका लहानशा बरोच्या पुढाकाराने. त्याच सुमारास डॉ. कटियाल फिन्सबरीचे महापौर झाले. ब्रिटनमधील ते पहिले दक्षिण आशियाई महापौर होत.

युद्धकाळात एब्रम गेम्स या चित्रकाराने सैनिकांसाठी काढलेल्या एका भित्तिपत्रकात या केंद्राची शुभ्र इमारत दाखविली आणि तिच्यामागे जुन्या पडक्या वस्तीत मुडदूस झालेले मूल. चर्चिल यांना हे चित्र पसंत पडले नाही व ते मागे घेण्यात आले. एका बरोची इमारत राष्ट्रीय वादाचा विषय होऊ शकली, यातच तिचे महत्त्व आले.

याच काळात दक्षिण लंडनमधील पेकहॅम येथे अगदी निराळा प्रयोग चालू होता. डॉ. जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि डॉ. इनेस पिअर्स यांनी १९२६ मध्ये सुरू केलेले पायोनियर हेल्थ सेंटर १९३५ मध्ये ओवेन विल्यम्स यांनी बांधलेल्या मोठ्या वास्तूत आले. मध्यभागी पोहण्याचा तलाव, भोवती काचेच्या भिंती, व्यायामशाळा, उपाहारगृह. चालत येता येईल इतक्या अंतरावरील कुटुंबांनाच सभासदत्व मिळे. दर कुटुंबामागे आठवड्याला एक शिलिंग वर्गणी असे आणि सर्व कुटुंबाची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होई. उपचार मात्र तेथे केले जात नसत. आरोग्य म्हणजे रोगाचा अभाव नव्हे, ती स्वतंत्र वाढणारी गोष्ट आहे आणि माणसे एकत्र येऊन हिंडू-खेळू लागली की ती वाढते, अशी या डॉक्टरांची धारणा होती. वर्गणी घ्यावयाची ती अशासाठी की, दान घेणाऱ्याला जागा आपली वाटत नाही.

फिन्सबरी कराच्या पैशावर, पेकहॅम वर्गणी व देणग्यांवर. पेकहॅमची कल्पना अधिक खोल होती असे म्हणावे लागते. पण ज्या कुटुंबाला शिलिंग परवडत नव्हता ते बाहेरच राहिले. फिन्सबरीच्या दारात कोणालाही वर्गणी विचारली जात नव्हती. युद्धामुळे बंद पडलेले पेकहॅमचे केंद्र १९४६ मध्ये पुन्हा उघडले व १९५० मध्ये कायमचे बंद झाले. नव्या राष्ट्रीय व्यवस्थेच्या चौकटीत ते बसले नाही. वर्गणी, ठरावीक परिसराची अट आणि निरोगी माणसांवरील भर या तिन्ही गोष्टी तिच्या नियमांना परक्या होत्या.

१९३७ च्या शारीरिक शिक्षण व मनोरंजन कायद्याचाही येथे निर्देश केला पाहिजे. व्यायामशाळा, क्रीडांगणे व तलाव यांसाठी खर्च करण्याचा आणि स्वयंसेवी संस्थांना साहाय्य देण्याचा अधिकार या कायद्याने स्थानिक संस्थांना दिला. जर्मनीतील तरुणांच्या कवायती पाहून वाटू लागलेली धास्ती या कायद्यामागे होती. सरकारला पोहण्याच्या तलावांची आठवण युद्धाच्या तोंडावर व्हावी, हेही नमूद करण्यासारखे आहे.

१९४८ ते १९७४ : काम गेले, परवानगी आली

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार सर्वांना मोफत झाले, ही या देशाच्या इतिहासातील फार मोठी घटना होय. तथापि तिची एक किंमत होती. रुग्णालये स्थानिक संस्थांकडून गेली. बालकल्याण, आरोग्यभेटी, रोगप्रतिबंध इत्यादी कामे काउंटी व मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे राहिली. लंडनमध्ये ती लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली. म्हणजे ज्या बर्मंड्सी व फिन्सबरी यांनी पायंडा पाडला त्यांच्या हातून हे काम निसटले. १९४६ च्या कायद्यात फिन्सबरीसारखी आरोग्य केंद्रे बांधण्याची तरतूद होती. पण पुढील पंधरा वर्षांत फारच थोडी बांधली गेली. १९६५ मध्ये दोन्ही बरो विलीन झाले, बर्मंड्सी सदर्कमध्ये आणि फिन्सबरी इझलिंग्टनमध्ये. डॉ. कटियाल यांनी तोपर्यंत इंग्लंड सोडले होते. १९४८ मध्ये भारतात परतल्यावर ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे पहिले महासंचालक झाले. तेथे तिजोरी घरपट्टीची नव्हती, मालक व कामगार यांच्या वर्गणीची होती.

१ एप्रिल १९७४ रोजी उरलेली कामेही राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली आणि सव्वाशे वर्षांहून अधिक जुने स्थानिक आरोग्याधिकाऱ्याचे पद रद्द झाले. १८४७ मध्ये लिव्हरपूलने डॉ. विल्यम डंकन यांची नेमणूक करून सुरू केलेली परंपरा येथे संपली.

याच काळात कायद्याची आडकाठी मात्र सैल होत गेली. १९६३ च्या कायद्याने स्थानिक संस्थेला आपल्या रहिवाशांच्या हिताच्या कोणत्याही कामावर एका पेनीच्या करापर्यंत खर्च करण्याची मोकळीक दिली. १९७२ च्या कायद्यातील कलम १३७ ने ती दोन पेन्सपर्यंत वाढविली. २००० च्या कायद्याने परिसराच्या सर्वांगीण कल्याणासाठी काहीही करण्याचा अधिकार आला आणि २०११ मध्ये तर व्यक्तीला जे करता येते ते स्थानिक संस्थेलाही करता येईल असे म्हटले गेले. फुलहॅमच्या धुलाईघराचा खटला आता उभा राहिला नसता. परंतु त्याच पन्नास वर्षांत कराची सूत्रे हातून गेली. १९८४ च्या कायद्याने स्थानिक करांवर मर्यादा घालण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारने घेतला. १९९० मध्ये घरपट्टी जाऊन डोईपट्टी आली, ती प्रक्षोभामुळे टिकली नाही आणि १९९३ पासून कौन्सिल टॅक्स सुरू झाला. २०११ नंतर तो ठरावीक टक्क्यांपलीकडे वाढवावयाचा तर सार्वमत घेणे भाग पडले.

परतलेली जबाबदारी

२०१२ च्या आरोग्य व सामाजिक निगा कायद्यानुसार १ एप्रिल २०१३ रोजी सार्वजनिक आरोग्याचे काम इंग्लंडमधील स्थानिक संस्थांकडे परत आले. समर्थनार्थ व्हिक्टोरियाकालीन नगरपालिकांचे दाखले दिले गेले. प्रत्यक्षात साम्य थोडे होते. पैसा बंधित अनुदानाच्या स्वरूपात वरून येणार होता. पहिल्या वर्षी तो सुमारे २६६ कोटी पौंड होता. लैंगिक आरोग्य सेवा, ठरावीक वयातील नागरिकांची आरोग्य तपासणी, शाळकरी मुलांचे वजन-उंची मोजणे अशी काही कामे बंधनकारक ठरली. धूम्रपान सोडणाऱ्यांना आधार देणारी केंद्रे, वजन नियंत्रणाचे वर्ग, चालण्याचे व व्यायामाचे गट ही कामे ऐच्छिक राहिली. १८४६ चा तोच भेद पुन्हा आला, पण या वेळी त्याला स्वतःच्या कराचा टेकू नव्हता.

परिणाम दिसावयास दोन वर्षे लागली. जून २०१५ मध्ये, म्हणजे आर्थिक वर्ष सुरू झाल्यानंतर, अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी या अनुदानातून २० कोटी पौंड कमी केले. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या खर्चाला हात लावणार नाही असे सरकारचे वचन होते आणि ते मोडले नाही असेही सरकारला म्हणता आले, कारण हा पैसा आता त्या सेवेचा नव्हता. कागदावर रकाना बदलल्यामुळे संरक्षण गेले. पुढील दशकात दरडोई अनुदानाचे खरे मूल्य सुमारे एक चतुर्थांशाने घटले. कात्री प्रथम लागली ती ऐच्छिक कामांना. अनेक ठिकाणी धूम्रपान सोडणाऱ्यांसाठीचे गट आटोपते घेण्यात आले, कोठे ते गर्भवती स्त्रियांपुरते ठेवले गेले, कोठे केवळ दूरध्वनीवर आले. कपात मोठी झाली ती बहुधा गरीब भागांत, कारण मुळात अनुदान तेथे अधिक होते. पॉप्लरच्या नगरसेवकांची तक्रार नव्या रूपाने उभी राहिली.

हा खर्च वायफळ होता म्हणून कमी झाला, असे म्हणण्यास आधार नाही. यॉर्क विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्थानिक संस्थांच्या सार्वजनिक आरोग्यावरील प्रत्येक जादा पौंडातून मिळणारे आरोग्य हे उपचारांवरील तेवढ्याच जादा खर्चाच्या तीन ते चार पट असल्याचे दिसून आले. ज्या खर्चातून अधिक मिळते तोच प्रथम तोडला जातो, याचे कारण अर्थशास्त्रात सापडत नाही. रुग्णालयाची खाट कमी केली तर ज्याची खाट गेली तो रुग्ण ओरडतो. व्यायामाचा वर्ग बंद झाला तर पुढे हृदयविकार होणाऱ्याला आपण कोणती गोष्ट गमावली याची कल्पनाही नसते.

पैसा पुन्हा आला तोही त्याच पद्धतीने. २०२१ मध्ये वजन नियंत्रणासाठी १० कोटी पौंडांची घोषणा झाली. स्थानिक संस्थांनी प्रौढांसाठी वर्ग सुरू केले आणि २०२२ मध्ये ते अनुदान पुढे चालविले गेले नाही. नेमलेली माणसे सोडून द्यावी लागली. २०२३ मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांच्या सेवांसाठी २०२४-२५ पासून पाच वर्षे दरसाल सात कोटी पौंड जादा देण्याचे जाहीर झाले. हा पैसा अन्य कामांकडे वळवू नये, तसेच स्थानिक संस्थेने या कामावरील आपला पूर्वीचा खर्च कमी करू नये, अशा अटी त्याबरोबर होत्या.

पेकहॅमच्या काचेच्या इमारतीत आज सदनिका आहेत. फिन्सबरीचे केंद्र संरक्षित वास्तूंच्या पहिल्या श्रेणीत आहे. त्याच्या देखभालीचा खर्च परवडत नाही म्हणून ते विकण्याचा विचार २००० नंतरच्या दशकात पुढे आला होता. रहिवाशांनी त्याला विरोध केला, आणि इमारत आरोग्यसेवेकडेच राहिली.